प्रिंटरचं हेड चोक झालंय? आधी क्लीनिंग थांबवा

तीन महिने बंद असलेल्या इंकजेट प्रिंटरवर काळा रंग उमटत नाही, निळ्यात पांढऱ्या रेघा येतात, प्रिंटरची हेड साफ करायची सोय (क्लीनिंग) सात वेळा चालवल्यावर प्रिंट आणखी बिघडली. आता हेड, म्हणजे कागदावर शाई सोडणारा भाग, काढून स्पिरिटमध्ये बुडवू का, आणि पुढचे चार महिने प्रिंटर लागणार नाही तर हेड कसं ठेवू, असं तुम्ही विचारलंय. स्पिरिटमध्ये बुडवू नका, हे सगळ्यात आधी.

सात क्लीनिंगनंतर प्रिंट बिघडली याचं मला नवल वाटत नाही. क्लीनिंगच्या वेळी हेडखाली एक रबरी कॅप येऊन चिकटते आणि पंप तिच्यातून शाई ओढतो. कॅपच्या कडेला वाळलेली शाई असेल तर ती नीट बसत नाही. मग पंप शाईऐवजी हवा ओढत राहतो, आणि हेडमध्ये बुडबुडे शिरतात. तुमच्या निळ्या रेघांचं एक बघा. नोझल म्हणजे हेडची शाई सोडणारी बारीक भोकं. ती तपासायचं पान, म्हणजे नोझल चेक, लागोपाठ दोनदा काढा. रेघा जागा बदलत असतील तर हवा आहे, रात्रभर प्रिंटरला हात लावू नका, पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. रेघा त्याच जागी असतील तर नोझल खरंच चोक आहे.

लोक थेट हेडच्या मागे लागतात, मी आधी कॅप बघतो. तिच्यात कोमट डिस्टिल्ड वॉटरचे चार थेंब टाकून दहा मिनिटं थांबायचं आणि तंतू न सुटणाऱ्या कापडाच्या टोकाने कड पुसायची. काजळासारखा काळा थर निघतो. शेजारच्या वायपरच्या, म्हणजे हेड पुसणाऱ्या, रबरी पात्यावर एखादा केस अडकलेला असतो, तो काढा. हा केस दर फेरीला शाई नोझलांवर फासत असतो.

आता हेड. एप्सनचं हेड सहसा प्रिंटरमध्येच बसवलेलं असतं, ते उपटू नका. एचपीच्या आणि कॅननच्या बऱ्याच कार्ट्रिजना (शाईच्या डब्यांना) हेड खालीच असतं, आणि कॅननच्या काही मॉडेलांत ते वेगळं निघतं. तुमचं निघतंय, म्हणजे काम सोपं आहे. ताटलीत टिशूची घडी ठेवा, वर दोन-तीन मिलिमीटर कोमट डिस्टिल्ड वॉटर, आणि त्यावर नोझलची बाजू टेकवा. नळाचं पाणी नको, ते वाळलं की क्षार मागे राहतात. उकळतंही नको. थोड्या वेळाने टिशूवर शाईचे पट्टे उतरायला लागतात. काळा सगळ्यात उशिरा सुटतो, कारण तो बहुधा पिगमेंट असतो, म्हणजे पाण्यात न विरघळणारे बारीक कण. स्पिरिटला माझा विरोध याचसाठी आहे: अशा शाईतलं रेझिन, म्हणजे कण धरून ठेवणारा चिकट पदार्थ, त्याने गोळा होऊ शकतं, शिवाय हेडमधल्या चिकटपट्ट्यांचीही शाश्वती नाही. नोझल घासू नका, सिरिंजने जोर लावू नका. नोझलचं भोक केसापेक्षाही बारीक असतं, तिथे जोर नाही, वेळच कामाला येतो. पाणी बदलत राहा, काही तास गेले तरी चालतील.

हेडवरच्या तांब्याच्या कॉन्टॅक्टना, म्हणजे वीज जिथून जाते त्या ठिपक्यांना, पाणी लागू देऊ नका, लागलंच तर हेड पूर्ण २४ तास वाळवा. मी एकदा दोन तासांत हेड परत बसवलं. प्रिंटर क्षणभर चालू झाला आणि कायमचा बंद पडला, हेडबरोबर बोर्डही गेला. बाहेरून ते हेड अगदी कोरडं दिसत होतं.

चार महिन्यांचं म्हणाल, तर हेडसाठी सगळ्यात चांगली जागा प्रिंटरच आहे. प्रिंटर त्याच्याच बटणाने बंद करा, म्हणजे हेड कॅपवर जाऊन बसतं. भिंतीवरचा स्विच थेट बंद केला तर हेड मध्येच उघडं राहू शकतं. मागे कुणी असेल तर त्यांना आठवड्याला एक छोटं रंगीत पान काढायला सांगा.

कुणीच नसेल तर हेड काढा. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा आणि शेवटी त्यात साध्या पाण्याऐवजी ग्लायकॉल असलेलं हेड क्लीनिंग लिक्विड राहू द्या. ते लवकर वाळत नाही. नुसतं पाणी महिनोन्महिने राहिलं की बुरशी धरते. मग हवाबंद डब्यात एका कोपऱ्यात ओलसर स्पंज आणि दुसरीकडे हेड, नोझल कशालाही न टेकता. शाई असलेली कार्ट्रिजही अशाच डब्यात ठेवा. नोझलवर सेलोटेप मात्र चिकटवू नका, टेपखालून रंग एकमेकांत ओढले जातात आणि पिवळ्यात काळा उतरतो.