‘काड्यांची सवय लागली, तर परीक्षेत काय करेल?’

अध्ययनात अडचणी असलेल्या मुलांच्या पालकांशी बोलताना एक काळजी इतक्या वेळा कानावर पडते की आता प्रश्न विचारला जाण्याआधीच तो मला समोरच्या चेहऱ्यावर दिसू लागतो. माझ्यासारख्या विशेष शिक्षिकेने मणी, काड्या, ठोकळे, खरबरीत कागदाची अक्षरे असे हाताळून शिकण्याचे साहित्य सुचवलेले असते. दोन-तीन आठवडे ते घरात वापरले जाते, मूल थोडे मोकळे झालेले दिसते आणि नेमके त्याच सुमारास आई किंवा बाबा विचारतात, “मॅडम, याची सवय लागली तर? परीक्षेत काड्या कोण देणार?” या प्रश्नाचे उत्तर मी अनेक घरांना अनेक प्रकारे दिले आहे, परंतु त्यातल्या त्यात जे घर मला सर्वांत बोलके वाटते, त्याची हकीकत येथे सांगते. ओळख पटू नये म्हणून नाव आणि काही तपशील बदलले आहेत.

मुक्ता चौथीत होती. वाचन बऱ्यापैकी, चित्रकला उत्तम, गोष्ट सांगायला बसली की थांबत नसे; मात्र गणिताचे पुस्तक उघडले की तिच्या पोटात दुखू लागे. डॉक्टरांनी पोट तपासून झाले होते. शाळेच्या सूचनेवरून झालेल्या मूल्यमापनात गणिताशी संबंधित अध्ययन अक्षमता निघाली होती आणि घरात त्या अहवालाचे तीन अर्थ लावले गेले होते. आईच्या मते मुलीने अधिक सराव करायला हवा होता, बाबांच्या मते शाळा बदलायला हवी होती आणि आजीचे म्हणणे असे की त्यांच्या सासरी कुणालाच गणित येत नव्हते, तरी सगळ्यांची लग्ने झाली. आजींच्या या विधानावर बाकीचे दोघे ओशाळले. मला मात्र त्या घरात मुक्ताची बाजू घेणारे कुणीतरी आहे एवढे त्यातून कळले.

तिच्या वहीतील चुका पाहिल्या तर त्यांत निष्काळजीपणा अजिबात नव्हता. ‘सत्तेचाळीस’ असे सांगितले की ती ७४ लिही, कारण तिला आधी सात ऐकू येत असे आणि ऐकू आले त्या क्रमाने लिहिणे हा प्रामाणिकपणाच होता. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस, बावीस’च्या जोडीला ‘वीस एक, वीस दोन’ अशी संख्यावाचनाची पद्धत दिली, तेव्हा त्या पद्धतीची पुष्कळ थट्टा झाली. अशा मुलांबरोबर रोज बसणाऱ्या मला त्या थट्टेत कधी सामील होता आले नाही. वजाबाकीतही तसेच. ५२ मधून २७ वजा करताना तिचे उत्तर ३५ येई. दोनातून सात जात नाहीत, म्हणून ती सातातून दोन घेई. म्हणजे प्रत्येक चुकीमागे एक नियम होता आणि तो ती काटेकोरपणे पाळत होती.

आम्ही काड्यांपासून सुरुवात केली. आइसक्रीमच्या सपाट काड्या, दहा-दहाचे रबर लावलेले गठ्ठे आणि काही सुट्या. डावीकडे गठ्ठे, उजवीकडे सुट्या, याखेरीज कोणताही नियम नाही. पहिल्या काही भेटींत ती प्रत्येक गठ्ठा हातात घेऊन आतल्या काड्या नखाने मोजून पाही. एकदा मोजलेला गठ्ठा खाली ठेवून पुन्हा उचलला तरी पुन्हा मोजी. सोबत बसलेल्या आईंना ते सहन होत नसे. “अगं, दहाच आहेत, किती वेळा मोजशील?” असे त्या म्हणत आणि मी त्यांना हाताने थांबवीत असे. दहा ही संख्या आपण न पाहताही दहाच राहते, हा विश्वास त्या मुलीला अजून वाटत नव्हता आणि तो सांगून येत नाही. तो वारंवार खातरजमा करून येतो. पुढे एके दिवशी तिने तीन गठ्ठे मोजले, चौथा न मोजता सरळ बाजूला सरकवला आणि सुट्या काड्यांकडे वळली. आईंना त्यात काही विशेष वाटले नाही. मी मात्र त्या दिवशीच्या नोंदीत ती ओळ लाल शाईने लिहिली.

त्यानंतरची भेट मला अजून शब्दशः आठवते. ५२ काड्या मांडल्या होत्या आणि त्यांतल्या २७ मला द्यायच्या होत्या. तिने दोन गठ्ठे माझ्याकडे सरकवले, मग दोन सुट्या काड्या दिल्या आणि थांबली.

“अजून पाच हव्यात मला,” मी म्हटले.

“नाहीयेत ना.”

मी काही बोलले नाही. अशा वेळी गप्प बसणे ही माझ्या कामातली मला सर्वांत चांगली जमणारी गोष्ट आहे, असे मी थोड्या अभिमानाने म्हणेन. बराच वेळ ती रबर बोटाने ताणत आणि सोडत राहिली.

“ताई, हा सोडला तर चालेल?”

“गठ्ठा तुझा आहे.”

तिने रबर काढले, काड्या पसरल्या, सवयीने एकदा मोजल्या, पाच मला दिल्या आणि उरलेल्यांकडे पाहून म्हणाली, “दोन गठ्ठे, पाच. पंचवीस.” मग वहीतल्या जुन्या ३५ कडे पाहून तिने गंभीरपणे विचारले, “हे कुणी लिहिलं?” आम्ही दोघीही हसलो. परंतु खरी गोष्ट पुढे होती. वही मिटता मिटता ती म्हणाली, “बाई सांगतात, शेजाऱ्याकडून एक घ्यायचा. पण मी तर दहा घेतले.”

हातच्याच्या वजाबाकीतली सगळी गफलत या एका वाक्यात आहे. ‘शेजाऱ्याकडून एक उसना घे’ हे आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो आणि बहुतेक मुलांनी ते न समजता पाठ केले. ज्या मुलीला गणितात ‘कच्ची’ म्हटले जात होते, तिला तो एक म्हणजे एक दशक आहे हे रबर काढताना स्वतःहून दिसले. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की यांच्या विचारांकडे माझा ओढा आहे, हे मी लपवत नाही. अपंगत्व असलेल्या मुलांचाही अभ्यास करणाऱ्या वायगॉट्स्की यांनी मांडले की मूल जे प्रथम बाहेर, साधनाच्या आणि माणसाच्या सोबतीने करते, तेच पुढे आत, मनातल्या मनात करू लागते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९६० च्या दशकात कृती, चित्र आणि चिन्ह असे आकलनाचे तीन मार्ग सांगितले, त्यांचाही माझ्या कामावर ठसा आहे. काड्या हा त्यातला पहिला मार्ग. तो चालून झाल्याशिवाय तिसऱ्यावर उभे केलेले मूल केवळ पाठांतरावर तग धरते.

इथे सगळे सुरळीत झाले असते तर ही हकीकत सांगण्याचे कारण नव्हते. घटक चाचणी जवळ आली आणि आईंनी काड्यांचा डबा कपाटावर ठेवून दिला. पुढच्या भेटीत त्या माझ्यासमोर जवळजवळ रडकुंडीला आल्या होत्या. “मॅडम, मला कळतं तुम्ही काय म्हणता ते. पण ही कुबडी आहे हो. कधीतरी काढावीच लागेल ना? आणि ती आता बाकाखाली बोटं मोजते, बाईंनी पकडलं तिला.”

त्यांच्या शेवटच्या वाक्यात त्यांच्याच प्रश्नाचे उत्तर होते. डबा वर गेल्याने मुक्ता मनात हिशेब करू लागली नव्हती. ती अधिक अपुऱ्या आणि अधिक लाजिरवाण्या साधनाकडे, बाकाखालच्या बोटांकडे गेली होती, जिथे दहाच्या पुढे मोजायचे तर पुन्हा पहिल्या बोटाशी यावे लागते. साहित्य हिरावले की मूल साहित्याविना होत नाही. ते लपवलेल्या साहित्यावर जाते. इतक्या वर्षांत मला याला अपवाद सापडलेला नाही.

मी विषय बदलून मोठ्या मुलाबद्दल विचारले. तो मण्यांच्या पाटीवर हिशेब शिकवणाऱ्या अबॅकसच्या क्लासला जात असे, हे मला ठाऊक होते. आईंचा चेहरा उजळला. “त्याचं छान चाललंय. आता तर पाटीसुद्धा लागत नाही त्याला, नुसती हवेत बोटं हलवतो आणि उत्तर सांगतो.”

“हवेत कशाला हलवतो?”

“म्हणजे, ते मणी असतात ना, ते त्याला डोळ्यांसमोर...” त्या थांबल्या.

बाबा इतका वेळ मोबाइलकडे पाहत होते. ते म्हणाले, “त्याच्या मण्यांची आपण फी भरतो. हिचे काढून घेतले.”

मी त्यात भर घातली नाही. मण्यांविषयी या घरात कुणाचाच आक्षेप नव्हता. हुशार मुलाच्या हातातले मणी कौतुकाचे ठरत होते आणि अडखळणाऱ्या मुलीच्या हातातल्या काड्या कमीपणाच्या. पालकांची घाई पुष्कळदा साहित्याविषयी नसतेच. शेजारणीने, जावेने किंवा वर्गशिक्षिकेने ते पाहिले तर काय वाटेल, याविषयी ती असते. ते एकदा उघडपणे बोलले गेले की घरातला डबा खाली येतो. याही घरात तो आला.

आता परीक्षेचे. काड्यांपासून चिन्हापर्यंत जाताना मधला टप्पा गाळू नये, एवढे पथ्य पाळले तर परीक्षेची भीती बरीचशी निराधार ठरते. मुक्ताबरोबर आम्ही काड्या मांडत असतानाच शेजारी कागदावर गठ्ठ्यासाठी उभी रेघ आणि सुटीसाठी टिंब काढू लागलो आणि त्याच्याच खाली अंक लिहू लागलो. तिन्ही गोष्टी एकाच वेळी, एकाच मेजावर. काही काळाने तिने काड्यांना हात न लावता रेघा काढल्या. मग एक रेघ खोडून दहा टिंबे. रेघा आणि टिंबे कोणत्याही उत्तरपत्रिकेच्या कच्च्या कामाच्या जागेत काढता येतात आणि त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. वर्गातल्या फूटपट्टीवरचे आकडे ही तयार संख्यारेषा आहे. ती कंपासपेटीत असली तर कुणी वळूनही पाहत नाही. चौकटींची वही घेतली की एककाखाली एकक आपोआप येतो. याशिवाय २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि प्रमाणपत्र असलेल्या विद्यार्थ्यांना राज्य मंडळाच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. त्या मागण्यात लाज बाळगू नये.

साहित्य निवडताना मात्र पालक भलतीकडे जातात. ऑनलाइन मिळणारे रंगीबेरंगी संच मागवले जातात, ज्यांतली छोटी अस्वले आणि फळे मोजण्यापेक्षा खेळण्यातच मुलाचा जीव रमतो. सुरुवातीचे साहित्य साधे, एकसारखे आणि प्रमाणात असावे. दहाचा गठ्ठा एका काडीच्या दहापट दिसतो, वजनालाही तसा लागतो. दहा रुपयांची नोट एक रुपयाच्या नाण्याच्या दहापट दिसत नाही, म्हणून नोटा-नाण्यांचा खेळ कितीही उपयुक्त असला तरी तो नंतर घ्यावा. अबॅकसचेही तसेच, कारण तिथे मण्याची किंमत त्याच्या जागेवरून ठरते. खर्चाची सबब तर मी ऐकूनच घेत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आधी बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचे जे काम उभे केले, त्यात शिंपले, बिया, पाने, खडे हेच साहित्य होते. घरातले चिंचोके आणि जुन्या शर्टाच्या गुंड्या आजही तेवढेच चालतात.

एकाला लागू पडलेले साहित्य दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही, हेही सांगायला हवे. माझ्याकडे येणारा एक स्वमग्न (ऑटिझम असलेला) मुलगा रेतीच्या ताटात बोट घालायला लावले की किंचाळत असे. त्याला अक्षरे गिरवण्यासाठी गुळगुळीत चुंबकी अक्षरे दिली आणि प्रश्न मिटला. रेतीत गिरवण्याचा आग्रह धरला असता तर तो अक्षरांपासूनच दुरावला असता. मेंदूच्या पक्षाघातामुळे (सेरेब्रल पाल्सी) हातावर ताबा कमी असलेल्या मुलीला मणी चिमटीत धरता येत नाहीत. तिच्यासाठी मुठीत मावतील असे जाड लाकडी तुकडे आणि मेजावर न घसरणारी रबरी चटई लागते. कमी दिसणाऱ्या मुलाला काळ्या कापडावर पांढऱ्या सोंगट्या द्याव्यात आणि कडा असलेल्या ताटात द्याव्यात, म्हणजे घरंगळलेली सोंगटी शोधण्यात त्याचा धडा संपत नाही. अंध मुलांसाठीच्या अबॅकसमध्ये मण्यांच्या मागे लोकरी कापड असते, ते मणी चुकून सरकू नयेत याचसाठी.

साहित्य बंद कधी करायचे, असे पालक विचारतात. माझे उत्तर असे की ते मुलाच्या हातांकडे पाहून ठरवावे. मूल गठ्ठा मोजायचे सोडते, मग सोडवायचे सोडते, मग नुसते बोट लावते, मग डबा जवळ असूनही उघडत नाही. प्रत्येक पायरीवर ते कधी कधी मागे येईल, विशेषतः आजारपणानंतर, सुट्टीनंतर किंवा नवा धडा सुरू झाल्यावर. तेव्हा टोमणा न मारता डबा पुढे करावा. मुक्ताने पाचवीत अपूर्णांकांसाठी पुन्हा साहित्य मागितले, या वेळी कागदाच्या पट्ट्या, आणि आईंनी त्या स्वतः कापून दिल्या.

शाळेत वर्गशिक्षिकेला भेटाल तेव्हा ‘माझ्या मुलीला काड्या वापरू द्या’ असे म्हणण्यापेक्षा नवा धडा शिकवताना पहिली काही मिनिटे सगळ्या वर्गाला काड्या देता येतील का, असे विचारा. पुष्कळ शिक्षिका तयार होतात, कारण वर्गातल्या आणखी काही मुलांना त्याची गरज असते हे त्यांना आपल्यापेक्षा चांगले माहीत असते. आणि काही महिने रोज शांतपणे साहित्य वापरूनही तुमचे मूल दहाचा गठ्ठा दर वेळी एकापासून मोजत असेल, तर त्याला दोष देऊ नका आणि साहित्यालाही देऊ नका. आधी डोळे आणि कान तपासून घ्या, मग मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षिका या दोघांकडून मूल्यमापन करून घ्या. त्या भेटीला जाताना मुलाची गणिताची वही सोबत न्या, चुका न खोडलेली.