४-२-४ रचनेत चार आघाडीपटू असूनही आमचा संघ मधल्या फळीत का कोसळतो?

आपल्या महाविद्यालयाच्या फुटबॉल संघाने अधिक गोल करण्यासाठी ४-२-४ (चार बचावपटू, दोन मध्यरक्षक, चार आघाडीपटू) ही रचना स्वीकारली, परंतु चार आघाडीपटूंपर्यंत चेंडूच पोहोचत नाही आणि प्रतिस्पर्धी मैदानाच्या मधून सहज पुढे निघून जातात, मग याच रचनेने ब्राझीलला विश्वचषक कसा मिळवून दिला, असे आपण विचारले आहे. मी बरीच वर्षे मधल्या फळीत खेळलो आहे आणि दोघांनीच मैदानाची सगळी रुंदी सांभाळताना किती दमछाक होते ते मला ठाऊक आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

ही रचना कोणाविरुद्ध उभी राहिली, ते आधी पाहावे लागते. १९५०च्या दशकात बहुतेक संघ ‘डब्ल्यू-एम’ पद्धतीने खेळत. त्यात बचावपटू तीन असत आणि प्रत्येकाला आपापला आघाडीपटू नेमून दिलेला असे. २५ नोव्हेंबर १९५३ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर हंगेरीचा सेंटर-फॉरवर्ड (मधला आघाडीपटू) हिदेगकुटी मागे सरकून खेळू लागला, तेव्हा त्याच्यामागे जावे की आपली जागा धरून ठेवावी, हा पेच इंग्लंडचा मधला बचावपटू हॅरी जॉन्स्टनला शेवटपर्यंत सुटला नाही आणि हंगेरीने तो सामना ६-३ असा जिंकला. ब्राझीलच्या ४-२-४ ने तीन बचावपटूंना वेगळ्या प्रकारे कोंडीत पकडले. मधोमध एकाऐवजी दोन आघाडीपटू आणि कडेला दोन विंगर उभे राहिल्यावर कोणी तरी एक मोकळा राहणारच. त्याला अडवण्यासाठी प्रतिस्पर्ध्याने मधल्या फळीतला खेळाडू मागे घेतला, तर मैदानाच्या मध्यभागी त्याचीही माणसे कमी होत. आपल्याकडे मध्यात दोघेच आहेत, ही उणीव अशी झाकली जाई. आज आपल्यासमोरचा संघ बहुधा चार बचावपटू आणि तीन मध्यरक्षक घेऊन उतरतो. म्हणजे पुढे चारास चार, आणि मध्यात दोघांविरुद्ध तिघे. आपली अडचण येथेच आहे.

तरीही १९५८ च्या विश्वचषकात ब्राझील संघ केवळ या हिशेबावर जिंकला, असे मला वाटत नाही. प्रशिक्षक व्हिसेंते फेओला यांच्या या संघाने पहिल्या सामन्यात ऑस्ट्रियाला ३-० असे हरवले, पण दुसऱ्या सामन्यात इंग्लंडने त्याला गोलशून्य बरोबरीत रोखले. सोव्हिएत संघाविरुद्धच्या तिसऱ्या सामन्यात झिटो, गॅरिंचा आणि १७ वर्षांचा पेले संघात आले. चर्चा अर्थातच शेवटच्या दोघांची होते; माझ्या मते मध्यरक्षक झिटोचे येणे तितकेच मोलाचे होते, कारण तो मागची मोकळी जागा राखत असल्यामुळे दुसरा मध्यरक्षक दीदी याला चेंडू पायाशी घेऊन, मान वर करून लांब पास देण्याची उसंत मिळू लागली.

त्याहून महत्त्वाचा होता डावा विंगर झागालो. कागदावर तो चौथा आघाडीपटू, पण चेंडू हातचा गेला की तो धावत मागे येई आणि झिटो-दीदींच्या शेजारी तिसरा मध्यरक्षक होई. त्यामुळेच उजवीकडे गॅरिंचाला मागे येण्याच्या कामातून मोकळीक देता आली. २९ जून रोजी सोल्ना येथे झालेल्या अंतिम सामन्यात स्वीडनने चौथ्याच मिनिटाला आघाडी घेतली. त्यानंतर ब्राझीलचा आघाडीपटू व्हावा याचे दोन्ही गोल गॅरिंचाने उजव्या कडेने बचाव भेदून गोलसमोर सोडलेल्या चेंडूंवर झाले आणि ब्राझीलने सामना ५-२ असा जिंकला. फुलबॅकही (कडेचे बचावपटू) पुढे जात: ऑस्ट्रियाविरुद्ध निल्तन सांतोसने गोल केला होता, तोही फुलबॅकने आपला अर्धा भाग सोडणे विरळाच असण्याच्या काळात. पुढे १९६२ च्या विश्वचषकात झागालोची ही मागची भूमिका इतकी पक्की झाली, की त्या संघाची रचना ४-३-३ म्हणूनच ओळखली जाते.

आता आपल्या संघाविषयी. चारही आघाडीपटू ऑफसाइड रेषेजवळ (प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या बचावपटूंच्या ओळीला खेटून) ताटकळत उभे राहत असतील, तर तुमच्या दोन मध्यरक्षकांना पास देण्यासाठी समोर कोणीच उरत नाही. दोन मधल्या आघाडीपटूंपैकी एकाने, हिदेगकुटीप्रमाणे, चेंडू घेण्यासाठी खाली यावे. दोन विंगरांपैकी ज्याचा दम अधिक आहे त्याला झागालोचे काम द्यावे; चेंडू गेल्याबरोबर तो आत आणि मागे आला पाहिजे, प्रतिस्पर्ध्याने दोन पास खेळून झाल्यावर नव्हे. दोन्ही फुलबॅक एकाच वेळी पुढे पाठवू नयेत. बचावफळीने मात्र धीर करून वर सरकावे, कारण ती आपल्या गोलजवळच रेंगाळली तर बचाव आणि आघाडी यांच्यातले अंतर इतके वाढते, की ते भरून काढणे कोणत्याही दोन खेळाडूंना शक्य होत नाही. सरावात आठवडाभर एवढेच करून पाहा: चार आघाडीपटू आणि दोन मध्यरक्षक यांना सात जणांविरुद्ध खेळवा, आणि चेंडू गमावल्याक्षणी तो ठरलेला विंगर कोठे आहे, हे दर वेळी थांबून पाहा.