'ले' म्हणजे शिस्त का?

प्रश्न असा आला आहे : व्हिएतनाममधल्या शाळांत फळ्याच्या वर 'तिएन होक ले, हाउ होक वान' असं वाक्य लावलेलं असतं. 'आधी शिस्त, मग शिक्षण' हे त्याचं भाषांतर बरोबर आहे का?

माझ्या मते नाही. शिस्तीला त्या भाषेत 'की लुअत' असा वेगळा शब्द आहे. 'तिएन' म्हणजे आधी, 'हाउ' नंतर, 'होक' शिकणं, 'वान' अक्षरविद्या. हे सगळे शब्द चिनीतून आलेले, आणि 'ले' म्हणजे प्राचीन चिनी विचारवंत कन्फ्यूशियसचा 'ली', म्हणजे विधी आणि योग्य वागणूक. हनोईतलं त्याचं मंदिर १०७० सालचं. त्याच्या परंपरेतल्या ग्रंथांवर परीक्षा घेऊन अधिकारी निवडायची पद्धत तिथे १०७५ला सुरू झाली ती १९१९ला संपली. एवढ्या काळात हा शब्द पंडितांकडून घराघरांत उतरला. लग्नविधी 'ले कुओई', अंत्यविधी 'ले तांग', सणाची सुट्टी 'न्गाय ले', आणि उद्धटपणा तो 'वो ले', म्हणजे 'ले' नसलेला.

विधी आणि वागणूक एकाच शब्दात म्हटलं की मराठी माणसाला 'संस्कार' आठवतो. विवाहसंस्कार, अंत्यसंस्कार आणि 'काही संस्कार आहेत की नाही?' हे तिन्ही आपल्याकडे आहेतच. मलाही आधी तोच सुचला. पण संस्कार आपल्यावर होतात, कुणी ते बसून शिकत नाही. 'ले' शिकावा लागतो. म्हणून मी 'रीत' घेईन : 'आधी रीतभात, मग विद्या'.

ही रीत सर्वनामांपासूनच सुरू होते. वर्गात मूल बाईंशी बोलताना स्वतःला 'मी' म्हणत नाही. 'एम', म्हणजे धाकटं भावंड, म्हणतं. बाईंना 'को' म्हणतं, आणि 'को' म्हणजे आत्यासुद्धा. कुणाचंच नातं न सांगणारा 'तोय' हा 'मी' आहे, पण घरात तो कोरडा वाटतो. गंमत म्हणजे त्याचा मूळ अर्थ सेवक, राजाचा चाकर.

२०२१मध्ये संस्कृतीचे अभ्यासक त्रान न्गोक थेम यांनी हे वाक्य शाळांतून काढावं असं सुचवलं, आणि मोठा वाद झाला. 'ले'च्या नावाखाली मुलांना निमूट ऐकायला शिकवलं जातं, असा त्यांच्या आक्षेपाचा रोख होता. त्या वादाविषयी मराठीत लिहायचं झालं, तर 'रीतभात'पुढे मीही कंसात 'मोठ्यांचं ऐकणं' असं घालीन.