पंप वाजला की आधी नळी पाहा

यावेळी घरी वापरल्या जाणाऱ्या पंपांविषयीचे प्रश्न एकत्र घेतले आहेत. काही पंप पोटात आहार सोडणारे, काही औषधाचे, एक इन्सुलिनचा. वेग आणि डोस तुमच्या डॉक्टरांनी लिहून दिला असेल तोच पाळायचा. इथे बोलू ते रोजच्या हाताळणीविषयी.

प्रश्न : पक्षाघातानंतर सासूबाईंना पोटातून पेग नळी बसवली आहे. रात्रभर पंपावर तासाला ७५ मिली या वेगाने आहार चालू असतो. रोज रात्री दोन-तीनदा ‘ऑक्लूजन’चा अलार्म होतो आणि घर जागे होते. पंपवाल्यांनी मशीन तपासले, ते ठीक आहे म्हणतात. आहार घरचाच असतो : नाचणीची पेज, मुगाचे वरण, दूध आणि केळे मिक्सरमधून काढून. (पंचवटी)

उत्तर : पंपवाले बरोबर सांगत आहेत. ऑक्लूजन म्हणजे पुढे वाट नाही. नळीत दाब वाढला एवढेच पंपाला कळते, कुठे वाढला ते त्याला सांगता येत नाही. ते आपण शोधायचे. बरेच जण अलार्म बंद करून पुन्हा ‘स्टार्ट’ दाबतात. पाच मिनिटांनी तो पुन्हा वाजतो आणि तोवर नळीतला आहार आणखी घट्ट बसलेला असतो.

आधी डोळ्यांनी पाहा. क्लॅम्प उघडा आहे का? कुशीवर वळताना नळी अंगाखाली दबली का? पलंगाच्या कठड्यात अडकून मुडपली का? हे सगळे ठीक असेल तर पंप थांबवा, पेगचा क्लॅम्प लावा, सेटचे (बॅगेपासून पंपातून पेगपर्यंत येणाऱ्या नळीचे) टोक पेगपासून सोडवून स्वच्छ ग्लासात धरा आणि पंप सुरू करा. ७५च्या वेगाला मिनिटाला जेमतेम सव्वा मिली पडते, तेव्हा घाई न करता चार-पाच मिनिटे पाहा. ग्लासात थेंब पडत राहिले तर सेट मोकळा आहे, अडथळा पेगमध्ये आहे. तरीही अलार्म झाला तर अडथळा सेटमध्येच. सेट बदला, पेगला हात लावू नका. एवढ्या तपासणीने निम्मी धावपळ वाचते.

पेग अडली असेल तर ५० किंवा ६० मिलीची सिरिंज घ्या. लहान सिरिंजने तेवढ्याच जोरात कितीतरी जास्त दाब पडतो आणि नळी फाटू शकते. सिरिंजमध्ये कोमट पाणी घेऊन आधी दट्ट्या हळूच मागे ओढा, मग हळू पुढे ढकला, असे काही वेळा करा. मोकळी झाली नाही तर पाणी आत तसेच ठेवून क्लॅम्प लावा, १५-२० मिनिटे थांबा आणि पुन्हा करा. तार, विणकामाची सुई असले काहीही आत घालायचे नाही. कोल्ड्रिंक ओतण्याचा सल्लाही ऐकू नका. त्यातल्या आम्लामुळे दूध आणि प्रथिने फाटतात आणि गाठ जास्त पक्की होते. अर्ध्या-पाऊण तासात मोकळी झाली नाही तर रुग्णालयात जा.

आता तुमच्या घरच्या मूळ कारणाकडे. नाचणीची पेज गरम असताना पातळ दिसते. गार होताना तिच्यातला स्टार्च घट्ट होतो. मिक्सरमधून काढली तरी मुगाची साले आणि केळ्याचे तंतू राहतातच. पंपाच्या सेटची नळी बारीक असते आणि वेग कमी असल्याने आहार तिच्यात तासन् तास रेंगाळतो. शिवाय अडकण्यापेक्षाही मोठी काळजी नासण्याची. घरी वाटून केलेला आहार खोलीच्या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त टांगून ठेवू नये. नाशिकला एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा तर त्याहूनही कमी. रात्रभर टांगलेले दूध-वरण पोटात गेले की सकाळी जुलाब ठरलेले, आणि दोष मात्र पंपाला लागतो.

म्हणून घरचा आहार बंद करू नका, त्याची वेळ बदला. दिवसा तो ताजा करून, बारीक गाळणीतून आणि मग मलमलच्या कपड्यातून गाळून सिरिंजने थोडा थोडा द्या. रात्री पंपावर तयार पावडरचा आहार लावा. पावडर उकळून गार केलेल्या पाण्यात कालवलेली असेल तर चार तासांची मर्यादा धरा. ७५च्या वेगाला चार तासांचे ३०० मिली होतात, एका वेळी बॅगेत तेवढेच घाला. उरलेले झाकून फ्रिजमध्ये ठेवा, २४ तासांत वापरा. जुन्या आहारावर नवा ओतू नका. बॅग आधी पाण्याने धुऊन घ्या. रात्री मध्येच उठणे जमत नसेल तर आहारतज्ज्ञांना सीलबंद, थेट टांगायच्या बॅगेविषयी विचारा. ती कंपनीने लिहिलेल्या मुदतीपर्यंत, साधारण २४ तास, टांगता येते. महाग पडते हे खरे, पण अख्ख्या घराची झोप वाचते.

फ्लश चुकवू नका. आहार सुरू करण्याआधी, संपल्यावर आणि सतत चालू असेल तेव्हा दर चार तासांनी ३० मिली कोमट पाणी. पाण्यावर बंधन असलेल्या रुग्णांना (किडनी, हृदय) हे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे लागते.

आणखी दोन गोष्टी. सेट २४ तासांनी बदलायचा असतो. पैसे वाचवायला तो धुऊन आठवडाभर वापरणारी घरे आहेत, आणि त्यांची अडचण कळते. पण पंपाच्या चाकावरून जाणारा सेटचा मऊ तुकडा सतत दाबला जाऊन सैल पडतो. मग पडद्यावर ७५ दिसते आणि पोटात जाते काहीतरी वेगळेच. दुसरी गोष्ट, आहार चालू असताना आणि त्यानंतर किमान अर्धा तास डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उंच हवी. नुसत्या उशा लावल्या तर मान पुढे येते आणि पोट मुडपते. पाठीपासून उतार हवा. आहार चालू असताना खोकला आला, श्वास घरघरला किंवा उलटी झाली तर पंप लगेच थांबवा आणि डॉक्टरांना कळवा.

पेग नळी चुकून बाहेर आली तर तिथले छिद्र काही तासांतच आक्रसू लागते. तशीच दवाखान्यात जा, नळी सोबत न्या. बसवून महिना-दीड महिना झाला नसेल तर घरी परत घालायचा प्रयत्नही करू नका. ती पोटाऐवजी पोटाच्या पोकळीत जाऊ शकते.

प्रश्न : गोळ्या कुटून आहाराच्या बॅगेतच घातल्या तर चालेल का? (सातपूर)

उत्तर : नाही. औषध आहारात मिसळले की गोळे होतात, आणि बॅग अर्धी राहिली तर औषधही अर्धेच जाते. पंप थांबवा, १५ ते ३० मिली पाणी द्या, एक औषध पाण्यात पूर्ण विरघळवून द्या, मधे थोडे पाणी, मग दुसरे औषध, शेवटी पुन्हा फ्लश. पॅन्टोप्राझोलसारख्या आवरण असलेल्या आणि नावापुढे एसआर, ईआर किंवा एक्सआर लिहिलेल्या गोळ्या कुटायच्याच नाहीत. डॉक्टरांकडून पातळ औषध किंवा पर्याय लिहून घ्या. झटक्यांसाठी फेनिटॉइन चालू असेल तर त्याच्या आधी आणि नंतर आहार किती वेळ बंद ठेवायचा ते विचारा. आहारासोबत ते औषध नीट शोषले जात नाही, आणि झटके परत येतात.

प्रश्न : मिस्टरांना आतड्याच्या कॅन्सरसाठी किमो चालू आहे. पोर्टला (औषधासाठी कातडीखाली बसवलेल्या डबीला) फुग्याचा पंप जोडून ४६ तासांसाठी घरी पाठवतात. डिसेंबरच्या थंडीत ४६ तास झाले तरी फुग्यात औषध शिल्लक होते. ना बॅटरी, ना अलार्म. बिघडला हे कळायचे कसे? (निफाड तालुका)

उत्तर : या पंपात बिघडण्यासारखे फारसे नसते, पण त्याला थंडी कळते. ताणलेला फुगा औषध ढकलतो आणि नळीतला एक अतिबारीक भाग त्याचा वेग ठरवतो. औषध गार झाले की ते किंचित दाट होते आणि त्या बारीक वाटेतून सावकाश जाते. म्हणूनच तो बारीक भाग कातडीला चिकटवून टाकायचा असतो. शरीराच्या उबेत वेग बरोबर राहील असा हिशेब त्यात धरलेला असतो. निफाडच्या थंडीत तो स्वेटरच्या बाहेर लोंबकळत राहिला तर औषध मागे पडणारच. चिकटपट्टी सुटली असेल तर पुन्हा लावा, मात्र नळीवरच्या फिल्टरची हवेची जागा पट्टीने झाकू नका. फुग्याची पिशवी पोर्टच्या साधारण उंचीला, कपड्यांच्या आत ठेवा. गरम पाण्याची पिशवी, शेकोटी किंवा हीटरजवळ नेऊ नका. उबेने वेग वाढतो, आणि हे औषध लवकर जाणे उशिरा जाण्यापेक्षा कितीतरी धोक्याचे.

फुग्याकडे पाहून अंदाज फसतो. स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा घ्या. पंप नळीसकट जोडलेलाच राहू द्या, फक्त फुगा काट्यावर ठेवून घरी येताच वजन लिहा, मग सकाळ-संध्याकाळ त्याच पद्धतीने. एक मिली म्हणजे जवळपास एक ग्रॅम. तासाला ५ मिलीचा पंप असेल तर २४ तासांत सुमारे १२० ग्रॅम कमी व्हायला हवे. तासाला २ मिलीचा असेल तर सुमारे ४८. तुमचा वेग पंपावर छापलेला असतो. दहा-पंधरा टक्के मागेपुढे होणे चालते. वजन अजिबात कमी होत नसेल तर सगळे क्लॅम्प उघडे आहेत का ते पाहा आणि रुग्णालयात फोन करा. पहिल्याच दिवशी फुगा रिकामा झाला तर मात्र रुग्णाला काहीही त्रास होत नसला तरी त्याच तासाला कळवा. सकाळपर्यंत थांबायचे नाही.

पोर्टजवळ सूज, जळजळ किंवा ओल दिसली तर क्लॅम्प बंद करून निघा. औषध सांडले तर हातमोजे घालून टिश्यूने टिपा, जागा साबणाच्या पाण्याने धुवा, सगळे दुहेरी पिशवीत बांधून रुग्णालयात परत द्या. रिकामा पंपही तिथेच. घंटागाडीत यातले काही टाकू नका. कचरा हाताने वेगळा करणाऱ्यांच्या अंगावर ते येते. किमो चालू असताना आणि संपल्यावर दोन दिवस संडास झाकण लावून दोनदा फ्लश करा.

प्रश्न : वडिलांना आहाराच्या पंपासह तपासणीला मुंबईला न्यायचे आहे. वीज आणि बॅटरीचे काय? (सिडको)

उत्तर : माहितीपुस्तिकेतले तास नव्या बॅटरीचे असतात. जायच्या आधी घरी एकदा पूर्ण चार्ज करून, नेहमीच्या वेगाला, प्लग काढून पंप चालवा आणि किती तास टिकतो ते मोजा. जो आकडा येईल त्याचा तीन-चतुर्थांशच खरा धरा. घरातल्या इन्व्हर्टरवर पंप लावताना तो साइन वेव्हचा असलेला बरा, आणि पंपाचा प्लग इन्व्हर्टर लाइनच्याच बोर्डात आहे ना ते मेन स्विच बंद करून पाहा. वीज गेल्यावर अंधारात शोधण्यापेक्षा हे आजच करा.

बॅग भरल्यावर तिच्यातली हवा दाबून काढा. कसारा घाटात गाडी वळली-हलली की बॅगेतला हवेचा फुगा तोंडाशी येतो आणि ‘एअर’चा अलार्म सुरू होतो. रेल्वेने रात्री जाणार असाल तर ११ ते पहाटे ५ डब्यातले चार्जिंग पॉइंट बंद ठेवले जातात, हे धरून चला. सोबत एक जादा सेट, ६० मिलीची सिरिंज, पाण्याची बाटली आणि डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा. पंप बंदच पडला तर साध्या, थेंबांनी चालणाऱ्या आहाराच्या सेटवर निभावता येते. त्यात बहुधा २० थेंबांचे एक मिली होते, म्हणजे तासाला ७५ मिलीसाठी मिनिटाला २५ थेंब. जेजुनोस्टॉमी असेल, म्हणजे नळी थेट आतड्यात असेल, तर मात्र सिरिंजने एकदम आहार देऊ नका. पोट कळा मारून जुलाब होतात.

शहरातल्यांसाठी जाता जाता : २०२७च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिंहस्थाच्या पर्वण्या आहेत. पंचवटी, रामकुंड परिसरात राहणाऱ्यांनी त्या दिवसांसाठी सेट आणि आहाराचा साठा आधीच आणून ठेवावा.

प्रश्न : मुलगी अकरावीत, इन्सुलिन पंपावर आहे. उन्हाळ्यात दुपारी शुगर अचानक चढते. पंपवालीच बाटली संपली तर मेडिकलमधली दुसरी भरू का? (गंगापूर रोड)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी. आपल्याकडे इन्सुलिनच्या अनेक बाटल्या मिलीला ४० युनिटच्या असतात. पंप १०० युनिटचा हिशेब करतो. चुकून ४०ची भरली तर १० युनिट मागितल्यावर ४ च जातील आणि पडद्यावर सगळे ठीक दिसेल. बाटलीवर १०० लिहिलेले वाचल्याशिवाय आणि डॉक्टरांनी सांगितलेले तेच नाव असल्याशिवाय भरू नका.

दुपारच्या शुगरचे कारण बहुधा ऊन. ३७ अंशांपुढे इन्सुलिन खराब होऊ लागते. स्कूटीच्या डिकीत, बंद कारमध्ये, उन्हात टांगलेल्या दप्तरात ठेवू नका. घामाने चिकटपट्टी सुटून बारीक नळी कातडीबाहेर आलेली असते, तीही पाहा. सेट दोन-तीन दिवसांनी बदला. पंपात फक्त जलद इन्सुलिन असल्याने पुरवठा तुटला की काही तासांतच कीटोन (इन्सुलिनअभावी चरबी जळून रक्तात तयार होणारी आम्ले) वाढतात. शुगर २५०च्या वर आणि पंपाने दिलेल्या दुरुस्तीच्या डोसने तासा-दीड तासात उतरत नसेल तर कीटोन तपासा, पुढचा डोस इन्सुलिनच्या पेनने द्या आणि सेट, नळी, इन्सुलिन तिन्ही बदला. उलटी किंवा पोटदुखी असेल तर थेट रुग्णालय. भरलेले पेन तिच्या दप्तरात कायम हवे, आणि ते कुठे आहे हे तिच्या एका मैत्रिणीला आणि वर्गशिक्षकांना माहीत हवे.