पहिलं भाड्याचं घर एलएलसीच्या नावावर घ्यावं का?

तुमचा प्रश्न असा : न्यू जर्सीत राहता, नवरा-बायको दोघंही एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, भाड्याने द्यायला पहिलं घर घ्यायचंय. मित्र म्हणतो, एलएलसी (मालकाची जबाबदारी मर्यादित ठेवणारी कंपनी) काढ आणि तिच्याच नावावर घे, नाहीतर उद्या भाडेकरूने दावा ठोकला तर राहतं घरही जाईल.

असा मित्र मलाही होता. त्याचं ऐकून (आणि रात्री जागून पाहिलेल्या व्हिडिओंचं ऐकून) मी एकही घर बघायच्या आधी वायोमिंगमध्ये एलएलसी काढून मोकळा झालो. मूल व्हायच्या आधी बारसं. वायोमिंगच का, तर अमेरिकेत हा प्रकार १९७७ साली पहिल्यांदा तिथे निघाला, फी कमी, मालकाचं नाव गुप्त राहतं वगैरे. पण घर न्यू जर्सीत, म्हणजे धंदा न्यू जर्सीत. मग त्याच एलएलसीची इथे बाहेरच्या राज्यातली कंपनी म्हणून पुन्हा नोंदणी, १२५ डॉलर. इथला वार्षिक अहवाल ७५ डॉलर, वायोमिंगचा निदान ६०, शिवाय तिथल्या रजिस्टर्ड एजंटची, म्हणजे कंपनीच्या वतीने सरकारी कागद घेणाऱ्याची, फी. वायोमिंग मी आजतागायत पाहिलेलं नाही. काढायचीच असेल तर घर ज्या राज्यात, त्याच राज्यात काढा.

खरा दणका बँकेत बसला. आपण ज्याला साधं तीस वर्षांचं होम लोन म्हणतो, ते बहुतेक वेळा पुढे फॅनी मे किंवा फ्रेडी मॅक या गृहकर्जं विकत घेणाऱ्या संस्थांकडे विकलं जातं, आणि त्यांचे नियम माणसाला दिलेल्या कर्जाचे आहेत, कंपनीला दिलेल्या नाही. एलएलसीला कर्ज हवं तर कमर्शियल किंवा डीएससीआर लोन, म्हणजे तुमच्या पगाराऐवजी घराचं भाडं हप्ता झेपवतं का ते बघून दिलेलं. डाउन पेमेंट साधारण २० ते २५ टक्के, आणि व्याज चढं. मला आलेल्या दोन कोटेशनांत सव्वा टक्क्याचा फरक होता : माझ्या नावावर पावणेसात, एलएलसीच्या नावावर आठ. तीन लाख डॉलरच्या कर्जावर महिन्याचा हप्ता १,९४६ च्या जागी २,२०१, म्हणजे वर्षाला तीन हजारांवर डॉलर नुसते नावापायी. वर बँकेने माझी वैयक्तिक हमी मागितली ती निराळीच. हप्ते थकले तर बँक माझ्याच दारात येणार, मग एलएलसी कुणापासून वाचवते?

यावर मित्राचा तोडगा ठरलेला असतो : स्वतःच्या नावावर कर्ज काढ आणि मग डीड (घराचं मालकीचं खत) एलएलसीच्या नावे कर. बहुतेक गहाणखतांत मालकी बदलली तर बँक सगळी रक्कम एकदम मागू शकते, असं कलम असतं. १९८२ च्या कायद्याने त्याला काही अपवाद दिले, पण एलएलसी त्यांत नाही. फॅनी मेने १ जून २०१६ किंवा त्यानंतर विकत घेतलेल्या कर्जांना, एलएलसी मूळ कर्जदाराच्याच ताब्यात असेल तर, मुभा दिली आहे. तेव्हा वाट आहे, पण कर्ज कुणाकडे आहे ते विचारून आणि लेखी उत्तर घेऊन. आणि डीड बदललं पण विमा जुन्याच नावावर राहिला, असं करू नका. क्लेमच्या वेळी घराचा मालक एक आणि पॉलिसीवरचं नाव दुसरं निघालं की पुढची डोकेदुखी तुमची.

आता दाव्याची भीती. समजा जानेवारीत पायऱ्यांवर बर्फ गोठलाय, मीठ टाकायचं काम तुमचं, तुम्ही टाकलं नाही आणि भाडेकरूची आई घसरून पडली. वकील एलएलसीवर दावा लावेल आणि सोबत तुमच्यावरही, कारण हलगर्जीपणा तुमचा स्वतःचा. स्वतःच्या चुकीतून एलएलसी सोडवत नाही. छोट्या घरमालकाच्या बाबतीत मीठ टाकणारा, नळ दुरुस्त करणारा, भाडं गोळा करणारा माणूस एकच असतो, हे त्या व्हिडिओंत कुणी सांगत नाही. एलएलसीचा उपयोग होतो तो तुमची वैयक्तिक चूक नसताना मालक म्हणून झालेल्या दाव्यात, आणि तोही तिचं सोवळं पाळलं तर : वेगळं बँक खातं, भाडेकरार एलएलसीच्या नावाने, दुरुस्तीचा चेक तिच्याच खात्यातून. दिवाळीचा किराणा एकदा त्या कार्डावर, मग आणखी एकदा, असं विटाळलं की कोर्ट म्हणू शकतं, कंपनी आणि तुम्ही एकच.

म्हणून माझ्या मते पहिल्या घराला खरं संरक्षण विम्याचं. न्यू जर्सीत २०२२ च्या कायद्याने भाड्याच्या घराला निदान पाच लाख डॉलरचा लायबिलिटी विमा (दुसऱ्याला झालेल्या इजेची भरपाई देणारा) सक्तीचा आहे (चार किंवा कमी युनिटच्या घरात मालक स्वतः राहत असेल तर तीन लाख). त्यावर दहा लाखांची अम्ब्रेला पॉलिसी, म्हणजे मूळ विम्याची मर्यादा संपली की पुढचं भरणारी, घ्या. वर्षाला काहीशे डॉलरचं काम. भाड्याचं घर तिच्यात धरलंय ना, ते एजंटकडून खात्री करून घ्या. तिच्यात येणाऱ्या दाव्यात वकील विमा कंपनी देते. एलएलसी वकील देत नाही, उलट मागते : न्यू जर्सीच्या घरमालक-भाडेकरू कोर्टात तुमच्या नावावर घर असेल तर स्वतः उभं राहता येतं, एलएलसी असेल तर वकील लावावाच लागतो.

टॅक्सचं म्हणाल तर जवळपास शून्य फरक. एकाच मालकाची एलएलसी असेल तर आयआरएस (अमेरिकेचं टॅक्स खातं) तिच्याकडे बघतही नाही, सगळं तुमच्याच रिटर्नमध्ये शेड्युल ई या भाड्याच्या तक्त्यावर. घसारा साडेसत्तावीस वर्षांचा, एलएलसी असो वा नसो. मात्र तुम्ही दोघं मिळून काढलीत तर न्यू जर्सीत ती भागीदारी धरतात, मग भागीदारीचा वेगळा फॉर्म १०६५, दोघांना आपापल्या हिश्श्याचा के-१, आणि सीपीएचं (इथल्या सीएचं) वाढीव बिल. भाड्यातला तोटा पगारातून वजा करायची जी २५,००० डॉलरची सवलत ऐकली असेल, ती एक लाख उत्पन्नापासून घटत दीड लाखाला संपते. दोन पगारांत ती धरूच नका; तोटा वाया जात नाही, पुढे ओढला जातो.

तुमच्या व्हिसाचा मुद्दा मित्राने काढलेला दिसत नाही, मला तोच मोठा वाटतो. एच-१बीवर घर घेऊन भाडं खाणं चालतं, एलएलसीची मालकीही चालते. पण स्वतःच्या एलएलसीसाठी रोज राबणं, भाडेकरू शोधणं, रंगारी-प्लंबर सांभाळणं, हे काम धरलं जाऊ शकतं. इथे एलएलसी असल्याने प्रश्न सुटत नाही, उलट तुम्ही कंपनी चालवताय असं कागदावर दिसतं. प्रॉपर्टी मॅनेजर नेमा, साधारण भाड्याच्या आठ-दहा टक्के घेतो, आणि त्याआधी इमिग्रेशन वकिलाला तासाभराची फी देऊन विचारा.

माझं पुढे काय झालं? वायोमिंगची एलएलसी बंद केली, आणि टू-फॅमिली (दोन कुटुंबांचं) घर आम्हा नवरा-बायकोच्या नावावर साध्या कर्जाने घेतलं. दुसरं घर मेहुण्याच्या भागीदारीत घेतलं, ते मात्र एलएलसीत. तिथे दाव्यापेक्षा करारनामा हवा होता : बॉयलर फुटला तर पैसे कोण किती घालणार, एकाला बाहेर पडायचं असेल तर दुसऱ्याने कोणत्या भावाने हिस्सा घ्यायचा. ते लिहायला आम्हाला तीन रविवार लागले, आणि तिसऱ्या रविवारी बायको आणि तिची वहिनीही बसल्या तेव्हा कुठे भाव ठरला.