मालिकेचा दुसरा-तिसरा सीझन पहिल्याचीच उजळणी वाटू नये म्हणून काय करावं?

नुसता खलनायक बदलू नका, कथेचं क्षेत्र बदला. 'द वायर' ही अमेरिकन मालिका (२००२–२००८, ५ सीझन, ६० भाग) बघा. शहर बाल्टिमोरच, पण आधी ड्रग्जचा धंदा आणि पोलीस, मग बंदर, शहराचं राजकारण, शाळा, शेवटी वर्तमानपत्र.

सीझनअखेर मुख्य केस मिटवा, पण तिची किंमत कुणाला तरी मोजायला लावा. पहिल्या सीझनच्या शेवटी डिटेक्टिव्ह मॅकनल्टी या मुख्य पात्राची बदली पोलिसांच्या बोटीवर होते. दुसऱ्यात त्याला पाण्यात प्रेत सापडतं आणि बंदराची गोष्ट सुरू होते. चौथ्यात तर तो जवळजवळ बाजूलाच आहे, तरी माझ्या मते तोच सर्वोत्तम सीझन. पाचव्याला जेमतेम १० भाग मिळाले. त्यातलं बनावट सीरियल किलरचं प्रकरण घाईत उरकल्यासारखं वाटतं.