दुधाला कळलं असेल का?

‘दूध कमी पडतंय आणि पुढच्या महिन्यात मला कामावर रुजू व्हायचंय.’ मी समुपदेशक आहे. बाळंतपणाची रजा संपत आलेल्या आयांकडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकते, की त्याच्या पुढचं आता मलाही सांगता येईल. पंप लावला तर बाटलीचा तळ जेमतेम झाकतो. फ्रीझर रिकामाच आहे. घरचे म्हणतात, टेन्शन घेऊ नकोस, नाहीतर आहे तेही आटेल. बँकेतली असो, शाळेतली असो की रात्रपाळी करणारी परिचारिका असो, वाक्य तेच असतं. त्यातल्या एकीबद्दल सांगते. ओळख पटेल असं सगळं बदललं आहे. तिला केतकी म्हणू या.

केतकी पहिल्यांदा आली तेव्हा मुलगी साडेतीन महिन्यांची होती आणि रुजू व्हायला २४ दिवस उरले होते. बसल्या बसल्या तिने पर्समधून एक लहानशी वही काढून माझ्यापुढे ठेवली. पट्टीने आखलेले तीन रकाने होते: तारीख, वेळ, मिली. ३५, ४०, ३०, ३०, २५. शेवटच्या पंचविसाखाली दोन रेघा इतक्या जोरात मारलेल्या, की मागच्या पानावर वळ उठला होता.

‘हे बघा मॅडम. मी खोटं बोलत नाहीये.’

ती खोटं बोलतेय असं मी म्हटलंच नव्हतं. म्हणजे आधी कुणीतरी म्हटलं असणार.

दूध कमी आहे म्हणणाऱ्या आईची तक्रार मी कधीही ‘मनाचे खेळ’ म्हणून बाजूला सारत नाही. थायरॉइडचा बिघाड, पीसीओएस हा अंडाशयांशी निगडित संप्रेरकांचा बिघाड, बाळंतपणात झालेला मोठा रक्तस्राव, पूर्वी झालेली स्तनांची शस्त्रक्रिया, इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या, बाळाची स्तन पकडण्याची चुकीची पद्धत, अशा कारणांनी दूध खरोखर कमी येऊ शकतं. म्हणून पहिला प्रश्न नेहमी हाच असतो: डॉक्टरांना दाखवलं का? केतकीने दाखवलं होतं. बाळाचं वजन तक्त्यावरच्या रेषेला धरून वाढत होतं, दिवसाकाठी सहा-सात लंगोट ओले होत होते, मुलगी तरतरीत होती. डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक आहे.

‘मग माझ्याच बाटलीत काही का येत नाही?’ ती म्हणाली.

मी वही पुन्हा चाळली. ‘केतकी, हे दूध तू कधी काढतेस?’

‘सकाळी. तिचं पिऊन झालं की.’

‘म्हणजे तिने पोट भरून प्यायल्यावर जे उरलं, ते इथे लिहिलंय. ती प्यायली ते कुठे आहे?’

ती वहीकडे बघत राहिली.

‘या वहीत तुझी मुलगी कुठे आहे?’

१६ दिवसांच्या नोंदींत बाळाचा उल्लेख एकदाही नव्हता. तिचं नाव नव्हतं, ती किती वेळ प्यायली, पिऊन झाल्यावर मुठी सैल सोडून झोपली की रडली, काहीच नव्हतं. होता तो फक्त पंप. केतकी बराच वेळ काही बोलली नाही. मग बोटाने रकान्यांवरून रेघ ओढत म्हणाली, ‘मी यंत्राचीच वही ठेवलीय.’

मला स्वतःला हे उमगायला बरीच वर्षं लागली. पूर्वी मी अशा आयांना धीर द्यायचे, समजावायचे. आता त्या स्वतःला कशाने मोजताहेत ते आधी शोधते, कारण तो मापदंड हातातून सुटेपर्यंत कुठलाही दिलासा आत शिरत नाही. फक्त अंगावर पाजणाऱ्या आईने दोन पाजण्यांच्या मधे पंप लावला, तर दोन्ही बाजू मिळून १५ ते ६० मिली येणं हे अगदी नेहमीचं आहे. बाळ स्तनातून जितकं ओढून घेतं, तितकं पंपाला बहुधा जमत नाही. सहा-आठ आठवड्यांनंतर स्तन पूर्वीसारखे ठणकत, भरून येत नाहीत, मऊ लागतात. त्यालाही आया ‘आटलं’ म्हणतात. खरं तर शरीराला आता बाळाच्या गरजेचा अंदाज आलेला असतो.

हे सगळं मी तिला सांगितलं. मग तिच्याच वहीतले आकडे तिच्याकडून बेरजेला लावले. तिने रोज लिहिलं होतं, बेरीज मात्र कधी केली नव्हती. ५१० मिली झाले.

‘कुठे गेलं हे?’

‘संध्याकाळी तिलाच पाजून टाकायचे. एवढंसं काय साठवायचं?’

मग दुसरा हिशोब मांडला. एक ते सहा महिन्यांच्या, निव्वळ आईच्या दुधावर असलेल्या बाळाला दिवसभरात सरासरी ७५० मिलीच्या आसपास दूध लागतं. कुणाला कमी, कुणाला जास्त. पण या काळात हा आकडा फारसा वाढत जात नाही, त्यामुळे वरच्या दुधावरच्या बाळाशी तुलना करून घाबरण्यात अर्थ नाही. आई घराबाहेर असेल त्या प्रत्येक तासाला २५ ते ३५ मिली धरायचे. केतकी जाऊन-येऊन १० तास बाहेर राहणार होती, म्हणजे २५० ते ३५० मिली. तिच्या डोक्यात भरलेला फ्रीझर होता. पहिल्या दिवसासाठी लागणार होती ती एका दिवसाची बेगमी आणि अडीअडचणीला आणखी एका दिवसाची. त्यानंतर सोमवारी कामावर काढलेलं मंगळवारी चालतं.

ती हसली, जरा सैलावली. मला वाटलं, झालं काम.

दुसऱ्या भेटीत आकडे आणखी खाली आले होते. २०. १५. आणि या वेळी बाळाचा रकानाही होता: ‘चिडचिड. सोडून देते.’

आठवडाभरात असं काय झालं, हे विचारल्यावर हळूहळू बाहेर आलं. बाटलीत जास्त यावं म्हणून केतकी दूध ‘राखायला’ लागली होती. बाळ मागत असलं तरी खुळखुळा, कडेवर फेऱ्या, असं करत चार-चार तास थांबवायची. रात्रीच्या दोन पाजण्यांना नवरा वरच्या दुधाची बाटली द्यायचा, म्हणजे सकाळपर्यंत साठेल. काळजीपोटी केलेल्या या उपायांनीच दूध खरोखर कमी व्हायला लागलं होतं. असं करणाऱ्या आया मला वरचेवर भेटतात, म्हणून इथे थांबून सांगते.

दूध हे टाकीतलं पाणी नाही, विहिरीचं आहे. उपसा थांबला की झरे मंदावतात. स्तन भरलेले राहिले तर दूध तयार होण्याचा वेग कमी होतो, आणि जितके वेळा आणि जितके नीट रिकामे होतील तितका तो वाढतो. दूध बनवायला सांगणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री जास्त असतं, त्यामुळे रात्रीचं पाजणं बंद करून सकाळसाठी साठा होत नाही, उलट मागणीच घटते. मग बाळाला थांबवू नकोस, रात्रीचं पाजणं परत सुरू कर, आणि सकाळचं पहिलं पाजून झाल्यावर एकदा काढ, एवढंच ठरवलं. पंप लावण्याआधी आणि लावलेला असताना हाताने स्तन चोळायचे, शेवटी दोन-चार मिनिटं हातानेच काढायचं. पंपाचा कप तिला मोठा होत होता, तोही बदलायला सांगितला. नुसत्या कपाच्या मापाने दुखणं थांबून दूध वाढल्याचं मी पाहिलंय.

आणि बाटलीला बाळाचा पायमोजा घालायचा. आतलं दिसू नये म्हणून. थेंब मोजत बसलेल्या आईला पान्हा फुटायला वेळ लागतो. लाज, दुखणं, घाई, धास्ती यांनी पान्हा फोडणारं ऑक्सिटोसिन हे संप्रेरक अडतं. दूध आत असतं, पण वाहायला उशीर होतो. म्हणून ‘टेन्शन घेशील तर आटेल’ हे वाक्य मला मनापासून खटकतं. ते धीर म्हणून सांगितलं जातं, पण ऐकणारीला आता काळजीचीही काळजी करावी लागते. तेवढ्याने दूध आटत नाही. पान्हा थोडा थांबतो आणि बाळाचा वास, त्याचा फोटो, कोमट शेक, ओळखीचा एखादा आवाज यांनी परत फुटतो.

तिसऱ्या भेटीत केतकी वही न काढता बसली. आकडे सुधारले होते, मुलगी पुन्हा शांत प्यायला लागली होती. चेहरा मात्र उतरलेलाच होता. हे मला गेल्या वेळीच दिसायला हवं होतं. काम दुधाचं नव्हतंच, निदान सगळं नव्हतं.

मी विचारलं, ‘रुजू व्हायचा दिवस डोळ्यांसमोर आण. काय दिसतं?’

‘माझं टेबल,’ ती म्हणाली. लगेच म्हणाली. मग एकदम गप्प झाली. गळ्यातली साखळी बोटाला गुंडाळत राहिली.

मी थांबले. अशा वेळी समुपदेशकाने पुढचा प्रश्न विचारायचा मोह आवरला पाहिजे. हे मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना पुन्हा पुन्हा सांगते.

‘मॅडम,’ ती खाली बघत म्हणाली, ‘दुधाला कळलं असेल का?’

‘काय?’

‘मला परत जायचंय ते.’

आणि मग ती रडली. तिला कामावर जावं लागत नव्हतं, तिला जायचं होतं. सकाळी साडी नेसून, केस नीट बांधून, मोठ्या माणसांशी पूर्ण वाक्यांत बोलायचं होतं. ही ओढ तिने कुणाला सांगितली नव्हती. ‘नाइलाज आहे’ असंच सगळ्यांना सांगत होती. पंपात ३० मिली आले की तिला तो निकाल वाटायचा: हिचं मन बाळापाशी नाही, म्हणून हिला दूध नाही. गाय पान्हा चोरते म्हणतात तसं कुणीतरी घरात सहज बोलून गेलं होतं. त्या माणसाच्या लक्षातही नसेल. हिने मात्र ते उराशी धरून ठेवलं होतं.

मी तिला एवढंच म्हटलं, ‘दुधाला एकच गोष्ट कळते. किती वेळा रिकामं झालं. तुझ्या मनात काय आहे, हे त्याला कळायचा रस्ताच नाही.’

तिने डोळे पुसले, पुन्हा विचारलं, ‘नक्की?’

‘नक्की.’

त्या ‘नक्की’साठी मी वीस वर्षं हे काम केलं असावं, असं मला त्या दिवशी वाटलं. शरीराची साधी माहिती एखाद्या मनावरचं ओझं इतक्या अलगद उतरवते, हे मी त्याआधी पाहिलं नव्हतं. ‘दूध कमी आहे’ ही बहुतेक घरांत आईला उघडपणे करता येणारी तक्रार आहे. ‘मला जावंसं वाटतंय’ किंवा ‘मला अजिबात जावंसं वाटत नाहीये’, हे दोन्ही उघड बोलता येत नाही. म्हणून ते दुधाच्या आडून बोललं जातं. माझ्या विचारांवर डोनाल्ड विनिकॉट यांचा मोठा ठसा आहे. ते ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ होते आणि मनोविश्लेषकही. आई परिपूर्ण नको, पुरेशी चांगली हवी, आणि बाळाची ताकद वाढेल तशी ती थोडी थोडी कमी पडत जाते, तेही बाळाला हवंच असतं, असं त्यांनी मांडलं. केतकीला मी त्यांचं नाव सांगितलं नाही. ‘पुरेसं’ हा शब्द तेवढा दिला.

चौथ्या भेटीला नवराही आला. ‘मी काय करणार, मला थोडंच दूध येतंय?’ असं तो म्हणाला, तेव्हा त्याच्यासाठी बरंच काम निघालं. पंपाचे भाग धुणं त्याच्याकडे आलं. बाटली पाजायची कशी, हे त्याने बाहुलीवर शिकून घेतलं. बाळ जवळजवळ बसतं धरायचं, बाटली आडवी, निपल हळू वाहणारं, मधेमधे थांबायचं. उताणं झोपवून बाटली उभी धरली तर दूध आपोआप घशात उतरतं, बाळ गरजेपेक्षा जास्त पितं, आणि मग घरचे म्हणतात, ‘हिला आईचं पुरतच नव्हतं.’ साठवणुकीचे नियम त्याने फ्रिजच्या दारावर लावले: काढलेलं दूध बाहेर ४ तास, तेही फार उकाडा नसेल तर, फ्रिजमध्ये ४ दिवस, फ्रीझरमध्ये ६ महिन्यांपर्यंत उत्तम. वितळलेलं परत गोठवायचं नाही, मायक्रोवेव्हमध्ये गरम करायचं नाही, बाळाच्या तोंडची बाटली २ तासांत संपवायची नाहीतर ओतून द्यायची.

कामाच्या ठिकाणी दूध काढायला वेळ आणि कडी लागणारी खोली मागायला केतकीला संकोच वाटत होता. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०००च्या मातृत्व संरक्षण करारात अशी विश्रांती कामाच्या वेळेत धरून पगारी असावी, असं स्पष्ट म्हटलंय, हे तिला ठाऊक नव्हतं. आम्ही दोन ओळींचा मजकूर तिथेच बसून लिहिला. माफी मागणारा शब्द त्यात दोनदा आला होता. दोन्ही वेळा तिनेच खोडला.

सगळ्याच जणींचं दूध असं वाढत नाही. काहींना वरचं द्यावंच लागतं, आणि त्या उरलेलं अंगावर पाजत राहतात. तेही चालतं. पण लंगोट कमी ओले होत असतील, वजन थांबलं असेल, बाळ मलूल असेल, तर माझ्याकडे नव्हे, आधी डॉक्टरांकडे जायचं. आणि बाळ झोपलेलं असतानाही आईला झोप येत नसेल, आठवडेच्या आठवडे मन उदास असेल, स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, तर ते त्याच दिवशी बोलायचं. बाळंतपणानंतरच्या नैराश्यासाठी १९८७ सालची दहा प्रश्नांची एडिनबर्ग प्रश्नावली आहे. ती मी प्रत्येक आईकडून भरून घेते, केतकीकडूनही घेतली होती.

रुजू झाल्यावर नवव्या दिवशी तिचा फोन आला. मुलगी आता रात्री जास्त पिते, म्हणाली. दिवसभराची कसर आईपाशी आल्यावर भरून काढणारी बाळं असतात, ते मी तिला आधी सांगून ठेवलं होतं.

‘आज ६० मिली कमी पडले मॅडम, दुपारी वरचं दिलं,’ ती म्हणाली, आणि त्याच श्वासात, आवाज जराही न उतरवता, ‘आणि माझी मीटिंग फार छान झाली.’